राखाडी प्रत: एका कारखान्याच्या गुपितावरच्या सात कथांचं प्रकरण

पार्श्वभूमी

नवतपा सुरू होता. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दिवाळी अंकाच्या खोलीत कूलर गरम हवाच फिरवत होता. दुपारी तीनच्या सुमारास एक गृहस्थ प्लास्टिकची फाइल छातीशी धरून जिना चढून आले. पाणी प्यायले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, “ताई, कथा आहेत. पण आधी दार लावून घ्या.”

नागपूरपासून तासाभरावरच्या एका एमआयडीसीतल्या कारखान्यात त्यांनी गुणवत्ता विभागात १९ वर्षं काढली होती. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. फाइलमध्ये सात रहस्यकथा होत्या, सगळ्या एकाच कारखान्यात घडणाऱ्या. एका कथेतला माणूस दुसरीत दाराआडून डोकावायचा. शेवटी वेगळी पिन मारून ११ झेरॉक्स लावलेल्या होत्या.

कारखाना कोणता, तिथे काय बनतं, हे या लेखात येणार नाही. माणसांच्या खुणा, महिने, अंतरं बदलली आहेत. लेखक, वकीलताई आणि गेटवरचे काका या तिघांना हा मजकूर आधी दाखवला आहे. काकांना तो वाचून दाखवला.

कथांचा विषय समजण्यासाठी एक कागद समजून घ्यावा लागतो. कारखान्यातून निघणारा विषारी गाळ, वापरून झालेली रसायनं कुठेही टाकता येत नाहीत. ती ९० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त विल्हेवाट केंद्रात पाठवावी लागतात आणि त्याला टनावर पैसे पडतात. गाडीसोबत जो कागद जातो त्याला सगळे ‘मॅनिफेस्ट’ म्हणतात. २०१६च्या धोकादायक कचरा नियमांतला हा नमुना १०. त्याच्या सात प्रती असतात, सात रंगांच्या. पांढरी प्रत कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवतो. पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. माल पोचला की गुलाबी प्रत केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी मंडळाकडे जाते, निळी सही होऊन कारखान्यात परत येते. सातवी प्रत राखाडी. कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल तर त्या राज्याच्या मंडळाला ती पाठवायची. एरवी तिचं काही काम नसतं.

लेखकाचं म्हणणं असं होतं की त्यांच्या कारखान्यात काही खेपा फक्त या सात कागदांवरच झाल्या. गाडी गेटबाहेर पडायची, पण केंद्रावर पोचायची नाही. गाळ रात्री एका नाल्यात जायचा.

अडचण

पहिली अडचण वाचतानाच दिसली. कंपनीचं नाव एक अक्षर फिरवून लिहिलं होतं. गाडीचा नंबर जसाच्या तसा. संचालकाचं चालणं, बोलणं, अंगठी, सगळं हुबेहूब. पहिल्या कथेच्या शेवटी “यातील पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत” ही ओळ होती, आणि मागे खऱ्या रजिस्टरच्या झेरॉक्स.

त्यातली एक झेरॉक्स मी बराच वेळ धरून बसले. गेटच्या रजिस्टरात गाडी बाहेर पडल्याची वेळ रात्री ११:४०. खाली चिकटवलेल्या काटा-पावतीवर वेळ ११:५२. तो वजनकाटा गेटपासून २६ किलोमीटरवर. भरलेली गाडी १२ मिनिटांत तिथे पोचून काट्यावर चढली, असं कागद म्हणत होते. आणि त्या रजिस्टरातल्या ११:४० मधला ४ दुसऱ्या शाईने गिरवलेला होता, आधी तिथे काहीतरी वेगळं होतं.

दुसरी अडचण गेटवरच्या काकांची. कथांमधला रात्रपाळीचा चौकीदार सगळं पाहतो आणि रजिस्टरात खरी वेळ लिहितो. त्याच्या डाव्या हाताला करंगळी नाही. (इथे करंगळी लिहिली आहे, खरी खूण दुसरी होती.) त्या कारखान्यात अशी खूण असलेला एकच चौकीदार होता, एका एजन्सीच्या ठेक्यावर. संचालकाकडे वकिलांची फौज असते. ठेक्यावरच्या माणसाला एजन्सीचा एक फोन पुरतो. लेखकाच्या मनात हे आलंच नव्हतं. त्यांनी काकांना नायक केलं होतं आणि त्याचा त्यांना मनापासून आनंद होता.

तिसरी अडचण कथांची. पहिल्या कथेच्या तिसऱ्या पानावर गाळ नाल्यात जातो हे कळायचं. पुढच्या सहा कथा तेच पुन्हा सांगायच्या, दर वेळी आवाज चढवून. मी हे बोलले तेव्हा ते दुखावले. म्हणाले, “ताई, मारबतीच्या मिरवणुकीत कसे बडग्ये काढून राहिले लोक, तसा मला या कंपनीचा बडग्या काढायचा आहे.”

नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत भ्रष्टाचाराचे, महागाईचे पुतळे, म्हणजे बडग्ये, निघतात, अख्खं शहर ओरडतं, “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत.” माणसाच्या पोटात १९ वर्षं साठलेलं असेल तर त्याला असंच ओरडावंसं वाटणार. त्यांचा राग खरा होता. तो कथेत कुठे ठेवायचा, हा प्रश्न होता.

समोरचे पर्याय

लेखकाला टोपणनावाने जसंच्या तसं छापून हवं होतं. आमच्या संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी सरळ परत करा म्हटलं. छोटा अंक आहे, कोर्टात उभं राहायची ताकद नाही, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिसऱ्या एकाने वर्तमानपत्राकडे द्या म्हटलं.

आम्ही हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात काम करणाऱ्या एका वकीलताईंना गाठलं. त्यांनी फी घेतली नाही, पण दोन तास आमची चांगलीच हजेरी घेतली. अब्रुनुकसानी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी दंडविधानाचं ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. कंपनीचीही अब्रू जाऊ शकते, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ही फौजदारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवली. “काल्पनिक” ही ओळ छापून सुटका होत नाही, वाचणाऱ्याला माणूस ओळखता आला की झालं. खरं लिहिलं एवढ्याने फौजदारीत भागत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं.

“आणि व्हिसलब्लोअर कायदा?” लेखकाने विचारलं. गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा हा कायदा, त्यांना त्याचा मोठा आधार वाटत होता. वकीलताईंनी मान हलवली. २०१४चा तो कायदा सरकारी सेवकांच्या गैरव्यवहाराबद्दलच्या तक्रारींसाठी आहे. खाजगी कंपनीतल्या माणसाला तो छत्री धरत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३च्या कंपनी कायद्यानुसार आतली तक्रार-यंत्रणा ठेवावी लागते, पण ही कंपनी नोंदलेली नव्हती. शिवाय लेखकाने नोकरीत लागताना गोपनीयतेच्या करारावर सही केली होती आणि झेरॉक्स कंपनीच्या रजिस्टरच्या होत्या.

हे ऐकून ते गप्प झाले. मग वकीलताईंनी विचारलं, “तुम्हाला नाला थांबवायचाय की पुस्तक काढायचंय?” ते म्हणाले, “दोन्ही.” त्या म्हणाल्या, “मग दोन कागद करा.”

पहिला खरा निर्णय इथे झाला. जे दाखवता येतं, म्हणजे वेळा, पावत्या, तारखा, ते तक्रारीत जाईल, लेखकाच्या खऱ्या नावाने. कथांमध्ये त्यातलं एकही पान, एकही आकडा राहणार नाही. झेरॉक्स त्याच दिवशी आमच्या खोलीतून गेल्या आणि सीलबंद पाकिटात वकीलताईंच्या कपाटात राहिल्या.

कथांची फेरबांधणी

जून-जुलै त्यात गेला. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

लेखकाने सात कथा का लिहिल्या, असं मी एकदा सहज विचारलं. ते म्हणाले, “मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात नं.” पण कथांचा त्या प्रतींशी काही संबंध नव्हता, फक्त आकडा जुळत होता. मग आम्ही संबंध जोडला. एक प्रत, एक माणूस, एक कथा. त्या माणसाला फक्त आपल्या हातातला रंग दिसतो. पांढऱ्या कथेत नुकती नोकरी लागलेली पर्यावरण विभागातली मुलगी सातही प्रतींवर सह्या करते. तिला नाला माहीतच नाही. तिला माहीत आहे की संध्याकाळची स्टाफ बस सहाला सुटते आणि त्याआधी सह्या संपवायच्या आहेत. पिवळी कथा गेटची. नारिंगी ड्रायव्हरची. गुलाबी आणि हिरवी केंद्रावरच्या कारकुनाच्या टेबलावरची, जिथे ते कागद येतच नाहीत, आणि न आलेल्या कागदाचा शोध कोणी घेत नाही.

निळी कथा लेखकाने चार वेळा लिहिली. ती हिशेबनीसाची. निळी प्रत परत आल्याशिवाय वाहतुकीचं बिल निघत नाही, म्हणून ती त्याच्याकडे येते. चौथ्या खर्ड्यात एक तपशील आला आणि मी वाचताना खुर्चीत सरळ बसले. ड्रायव्हरच्या खिशातून आलेल्या कागदाला घडी असते, कडेला घामाचा नाही तर ग्रीसचा डाग असतो. या निळ्या प्रती सपाट. घडी नाही, डाग नाही. हिशेबनीस त्या बोटांनी चाचपतो आणि बिल पास करतो. तो काहीही बोलत नाही. कथा तिथेच थांबते. पहिल्या खर्ड्यात हाच माणूस दोन पानं भाषण करत होता.

भीती कशी तयार होते हे त्या वेळी आम्हा दोघांना एकदम दिसलं. नाल्यातल्या काळ्या पाण्याचं वर्णन वाचून कोणी दचकत नाही. आपल्यासारखाच एक माणूस सपाट कागद ओळखतो आणि सही करतो, हे वाचून अंगावर येतं, कारण त्या टेबलाशी आपणही बसलेलो असतो. मी लेखकाला सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्याची आठवण करून दिली. ७ जानेवारी २००९ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र बाहेर आलं, त्यात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. तोवर तो ताळेबंद किती टेबलांवरून, किती सह्यांखालून गेला होता.

सातवी, राखाडी, लेखकाला सुचत नव्हती. राखाडी प्रतीला काम नाही, मग माणूस कोण? दोन आठवडे अडलो. मग त्यांनीच एका रविवारी फोन केला, आवाज थरथरत होता. कचरा राज्यातच राहतो, तेव्हा राखाडी प्रत केंद्रावर पडून राहायला हवी. ती कारखान्यातल्याच खणात सापडली तर याचा अर्थ तो संचच कधी बाहेर गेला नाही. आणि खण साफ करणाऱ्या मावशी ते कोरे-मागचे कागद मुलीच्या गणितांसाठी घरी नेतात. शेवटच्या कथेत मुलगी राखाडी कागदांच्या मागे भागाकार करते आहे. तिची शिकवणी घेणारी बाई कागद उलटून बघते आणि मोजायला लागते. खोट्या खेपांचा आकडा वाचकाला तिथे मिळतो. सांगत कोणीच नाही. वाचकाला तो कळावा म्हणून राखाडी प्रतीचा नियम तिसऱ्या कथेत ड्रायव्हर आणि क्लीनरच्या गप्पांमध्ये सहज पेरून ठेवला.

मालकावरून मात्र वाद झाला, खराखुरा. लेखकाला मालक दोषी दाखवायचा होता. मी म्हणाले, तुम्ही १९ वर्षांत त्याला हे बोलताना ऐकलं का? नाही. कोणी ऐकलं? नाही. मग कथेतही तो प्रश्न उघडा राहील. ते आठवडाभर बोलले नाहीत. शेवटी मालक एकाही कथेत दिसत नाही, फक्त त्याच्या गाडीसाठी गेट उघडतं, सात वेळा.

काकांची भेट

दुसरा निर्णय होता काकांना विचारायचं की नाही. विचारलं तर त्यांच्यावर ओझं, नाही विचारलं तर त्यांचं आयुष्य त्यांना न विचारता छापायचं. आम्ही गेलो. श्रावणातली रिपरिप होती, अंगणात पाणी साचलेलं. त्यांनी खाट ओढली, घरातून चहा आला. लेखकाने पिवळी कथा वाचली. काका ऐकत राहिले. मग हात पुढे करून म्हणाले, “माह्यावालं बोट तेवढं काढून टाका नं साहेब. बाकी राहू द्या. खोटं काहीच नाही लिहिलं तुम्ही.”

बोट काढलं. वय बदललं, गाव बदललं, नंबरप्लेट गेली, कंपनीला नावच ठेवलं नाही.

तक्रार

ऑगस्टअखेर लेखकाने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे जायची मुदतही वकीलताईंनी समजावली होती. वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी पाच वर्षं. झेरॉक्समधली सगळ्यात जुनी खेप तीन वर्षांपूर्वीची होती, म्हणजे दुसरी वाट उघडी होती. पण आधी मंडळ, मग पुढचं, असं ठरलं.

तक्रारीत त्यांनी कथेचा किंवा अंकाचा उल्लेख केला नाही. अंकात तक्रारीचा केला नाही.

सप्टेंबरात आमच्या एका जुन्या जाहिरातदाराचा फोन आला. त्याच एमआयडीसीत त्यांचं ठेक्याचं काम चालतं. “ताई, यंदा काहीतरी कारखान्याबद्दल छापून राहिले म्हणे?” कथांची नावं आमच्याच अक्षरजुळणीच्या माणसाने कौतुकाने चार ठिकाणी सांगितली होती. जाहिरात गेली. एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा एक गट, कमी केला. सातपैकी तीनच कथा घेता आल्या, पिवळी, निळी आणि राखाडी.

निष्पत्ती

अंक वेळेवर आला. निळ्या कथेवर बँकेतल्या, लेखापरीक्षण करणाऱ्या, शाळेच्या कार्यालयातल्या वाचकांची पत्रं आली. एकीने लिहिलं होतं की तिने दुसऱ्या दिवशी एक व्हाउचर परत पाठवलं. कंपनीकडून नोटीस आली नाही. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी नाल्याची पाहणी करून नमुने घेतले, कारखान्याला खुलासा मागणारी नोटीस गेली, वाहतुकीचा ठेकेदार बदलला.

आणि जानेवारीत एजन्सीने काकांना तिथून काढून घरापासून ३८ किलोमीटरवरच्या एका गोदामावर टाकलं. पगार तोच, पण जाण्या-येण्यात दिवसाचे दोन तास आणि पेट्रोल.

हे कसं झालं ते आम्हाला फेब्रुवारीत कळलं. पिवळ्या कथेत चौकीदार रात्री एकला डब्यातली अर्धी भाकर गेटबाहेरच्या कुत्र्यांना टाकतो. ती ओळ मला फार आवडली होती, म्हणून मीच ती वाचवली होती. कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की कुत्र्यांना भाकर कोण टाकतं.

आज वेगळं काय केलं असतं

बोट आम्हाला दिसलं कारण ते कागदावर पुरावा म्हणून दिसत होतं. भाकर सुंदर होती, म्हणून तिच्याकडे संशयाने पाहिलंच नाही. वकीलताईंनी मजकूर वाचला तो कंपनीच्या नजरेने. मी वाचला वाचकाच्या नजरेने. काकांच्या शेजारच्या पाळीतल्या माणसाच्या नजरेने कोणी वाचला नाही. काकांनी “बाकी राहू द्या” म्हटलं तेव्हा मी थांबायला नको होतं. एकदा ऐकून कोणाला आपल्या सगळ्या खुणा आठवत नाहीत, त्यातून समोर साहेब आणि ताई बसलेल्या.

तक्रार आणि अंक यांत दोनच महिन्यांचं अंतर होतं, तेही चुकलं. पाहणीने कारखाना आधीच सावध झालेला, त्यात अंक हातात पडला. कथा पुढच्या दिवाळीला आल्या असत्या तर काही बिघडत नव्हतं. लेखकाला घाई होती, पण अंकाला चांगल्या कथा हव्या होत्या, हेही तितकंच खरं, आणि ते माझ्याकडे येतं. अक्षरजुळणीला कथा नाव न घालता, फक्त क्रमांक टाकून द्यायला हव्या होत्या, ही साधी गोष्ट.

आता सातही कथांचं पुस्तक होतं आहे. लेखक दर दुसऱ्या रविवारी काकांकडे जातात आणि एकेक पान वाचून दाखवतात. काकांबरोबर पूर्वी त्याच गेटवर काम केलेले, आता शेती करणारे एक जण बसतात. मीही एकदा गेले होते. पिवळ्या कथेची नवी सुरुवात वाचली, त्यात भाकर नव्हती, कुत्रे नव्हते. “गेटच्या डावीकडे केबिन होती,” एवढंच पहिलं वाक्य. काकांनी हात वर केला.

“डावीकडं? त्या रांगेत तशी एकच हाये, ताई.”

लेखकाने पेन काढून ‘डावीकडे’ खोडलं, ‘उजवीकडे’ लिहिलं आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.